अनॉइड कोण आणि अनॉइंग कोण?

मिरजेत मी संध्याकाळी नर्सिंग झालेल्या मुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेक जणी मराठी माध्यमातून शिकलेल्या. दिवसभर वॉर्डात ड्यूटी करून येतात आणि परदेशातल्या नोकरीसाठी ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात. या परीक्षेत बोलण्याच्या भागात नर्स आणि पेशंट असे दोन प्रसंग उभे करावे लागतात, प्रत्येकी साधारण 5 मिनिटांचे. एकदा सरावात मी पेशंट झाले, ड्रेसिंगसाठी दोन तास ताटकळलेली बाई. प्रसंग संपल्यावर मी त्या मुलीला म्हटलं, आता पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला पेशंटबद्दल दोन वाक्यांत सांग. ती म्हणाली, "द पेशंट वॉज व्हेरी अनॉइंग."

तिला म्हणायचं होतं की पेशंट फार वैतागली होती. ऐकणाऱ्याला कळलं की पेशंट म्हणजे नुसती कटकट होती. दोन तास ताटकळली ती बाई, आणि वर दोषही तिच्याच माथी आला.

"पण मॅडम, डिक्शनरीत दोन्हीकडे त्रासच दिलंय," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. डिक्शनरीत 'अनॉय' म्हणजे त्रास देणे, चीड आणणे, एवढंच असतं. त्रास कुणाला झाला आणि कुणी दिला, हे शब्दाच्या शेपटीवर ठरतं, आणि ही शेपटी आपल्याकडे मराठीत आधीपासून आहे. 'वैतागलेली बाई' आणि 'वैताग आणणारी बाई' यांत आपण कधी घोळ घालतो का? पाचवीतलं पोरही घालत नाही. तर 'लेला-लेली-लेलं' तिथे 'इड', आणि 'णारा-णारी-णारं' तिथे 'इंग'. वैतागलेली ती अनॉइड. वैताग आणणारी ती अनॉइंग.

मी मुलींना इंग्रजी वाक्य बोलण्याआधी मनात हे मराठी विशेषण एकदा पूर्ण म्हणायला लावते. थकलेला, थकवणारा: टायर्ड, टायरिंग. घाबरलेला, घाबरवणारा: फ्रायटन्ड, फ्रायटनिंग. कंटाळलेला, कंटाळवाणा: बोअर्ड, बोअरिंग. आठवडाभर रोज दहा मिनिटं हेच केलं की पुढे मनात म्हणावंही लागत नाही. म्हणून 'आय ॲम अनॉइंग' हे वाक्य तोंडातून निघण्याआधी थांबा. त्याचा अर्थ 'मी लोकांना वैताग आणते' असा होतो.

क्रियापदाची अडचण वेगळी आहे. मराठीत वैताग आपल्याकडे 'येतो': मला या आवाजाचा वैताग येतो. इंग्रजीत कर्त्याच्या जागी आवाज बसतो: 'धिस नॉइज अनॉइज मी.' 'आय अनॉय ऑफ धिस नॉइज' असं मी कितीतरी वह्यांत लाल पेनाने खोडलंय. 'आय अनॉय हिम' हे वाक्य व्याकरणात बरोबर, पण अर्थ मी त्याला छळते. माणसावर वैतागलात तर 'अनॉइड विथ हिम', गोष्टीवर वैतागलात तर 'अनॉइड अबाउट' किंवा 'अनॉइड ॲट'. एवढं पुरे.

उच्चाराचंही सांगते, कारण इथे जवळजवळ सगळ्यांची सवय चुकीची आहे. आपण लिहितो 'ॲनॉय' आणि म्हणतोही तसंच, जोर पहिल्या अक्षरावर. खरा उच्चार 'अनॉय': सुरुवातीचा 'अ' अगदी हलका, जोर सगळा 'नॉय'वर. 'अनॉइड' दोनच ठोक्यांत संपतो, 'अनॉयेड' नाही. स्पेलिंगमध्ये 'एन' दोन.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधला 'इन ओडिओ' हा प्रयोग आहे. भाव असा की अमुक गोष्ट मला नकोशी आहे. आपलं 'जीव नकोसा झाला' आठवतं ना? आजचा 'अनॉइड' मात्र तेवढा जहाल राहिला नाही. तो रागाच्या अलीकडचा आहे. भुणभुण, कटकट, तेच तेच विचारणं, रांगेत मध्ये घुसणं, यांनी जे होतं ते. आवाज चढला, भांडण झालं, की तिथे 'अँग्री'. डोळे भरून आले, मन दुखावलं, तर 'अपसेट'.

आता 'इरिटेट'. हा शब्द मराठीत इतका रुळलाय की 'मला इरिटेट होतंय' आपण दिवसातून चारदा म्हणतो. घरी म्हणा. पण नर्सच्या नोंदीत तो जपून वापरावा लागतो, कारण वैद्यकीय भाषेत तो आधीच कामाला लागलेला आहे. सलाइनच्या सुईपाशी त्वचा लाल झाली, चुरचुरतेय, तर तिथे इरिटेशन. बाळ किरकिरतंय, घेतलं तरी शांत होत नाही, तर ते 'इरिटेबल', आणि तापात ही डॉक्टरांना ताबडतोब कळवायची खूण असते. त्या बाळाला 'अनॉइंग' लिहिलंत तर खूण पुसली गेली, उरली फक्त तुमची चिडचिड.

म्हणून पेशंटच्या कागदावर 'अनॉइंग' कधीच लिहू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. ते पेशंटचं वर्णन नव्हे, लिहिणाऱ्याचं मत आहे. एकाला जे अनॉइंग वाटतं ते दुसऱ्याला वाटेलच असं नाही, आणि ही गोष्ट आपल्या देशात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये 'अनॉयन्स' हा शब्द होता. दुसऱ्याला अनॉयन्स व्हावा म्हणून संदेश पाठवला, तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाली, तेव्हाही हे कलम लावलं गेलं. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ते रद्द केलं. एक मोठं कारण हेच, की असे शब्द मोघम आहेत, माणसागणिक त्यांचा अर्थ बदलतो.

मग लिहायचं काय? जे घडलं ते. पेशंटने तासाभरात सहा वेळा बेल वाजवली. दोन तास थांबल्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. 'पेशंट सेड शी वॉज अनॉइड अबाउट द वेट' हे वाक्य चालतं, कारण वैताग कुणाचा, कशावर आणि हे कुणी सांगितलं, तिन्ही त्यात आहे.

समोरासमोर बोलताना आणखी एक काळजी घ्या. वैतागलेल्या माणसाला 'यू आर अनॉइड' असं तोंडावर म्हणू नका. मराठीत 'तुम्ही चिडलाय' म्हटल्यावर माणूस आणखी चिडतो, तसंच तिथेही होतं. आधी माफी, मग परिस्थितीचं नाव. आणि परिस्थिती ही वैताग आणणारी, म्हणून इथे 'इंग' अगदी हक्काने येतो.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग पुन्हा केला. मी ठरवून आवाज चढवला, घड्याळ दाखवलं. ती खुर्ची जवळ ओढून बसली आणि म्हणाली, "आय ॲम सॉरी यू हॅड टु वेट सो लाँग. इट मस्ट बी व्हेरी अनॉइंग फॉर यू. लेट मी डू युअर ड्रेसिंग नाऊ."