आधी देवीचे डोळे, मग दार

सिंगापुरात मी गर्दीचं काम करते. प्रदर्शन असो नाहीतर लग्नाचा हॉल, माणसं कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची, हे आखून देणं हा माझा धंदा. एका नव्या क्वान इम (करुणेची चिनी देवी) देवळाच्या समितीने बोलावलं तेव्हा वाटलं, देऊळच ना, रांगेचे दांडे लावले की झालं. तसं नसतं. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणावर असं काम आलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

नकाशा काढण्याआधी वॉटर्लू स्ट्रीटवर एक सकाळ उभं राहा. तिथलं क्वान इम थोंग हूड चो हे देऊळ १८८४ सालचं, आणि अगदी शेजारी श्री कृष्णन मंदिर, १८७० सालचं. चिनी आज्या क्वान इमचं दर्शन घेऊन निघतात आणि जाता जाता कृष्णालाही उदबत्ती लावतात. चिनी चांद्रमहिन्याचा १ला किंवा १५वा दिवस निवडा, त्या दिवशी खरी गर्दी दिसते. आपल्या अमावस्या-पौर्णिमेसारखंच समजा.

दर्शनाचा रस्ता ठरलेला असतो, तो तुम्ही ठरवायचा नसतो. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडचं दार ड्रॅगनचं, तिथून आत. डावीकडचं वाघाचं, तिथून बाहेर. मधलं दार देवाचं, ते रांगेला देऊ नका. मी आधी बाहेर पडायची वाट उजवीकडून काढली होती, कारण बसथांबा त्या बाजूला होता. समितीतल्या एका म्हाताऱ्यांनी (सगळे त्यांना आ-पेक म्हणतात, म्हणजे मोठे काका) कागद बघितला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत.

उंबरठ्यावर पाय देत नाहीत, ओलांडतात. आपल्याकडेही उंबरठ्यावर बसलं की आजी ओरडायचीच. पण चाकाच्या खुर्चीचं काय? ठेकेदाराने उंबरठ्यालाच स्क्रूने उतार ठोकायचं ठरवलं होतं. आ-पेक दाराशी आडवे उभे राहिले. शेवटी वाघाच्या दाराला लाकडी पूल केला: दोन्ही टोकं जमिनीवर, मध्ये कमान, आणि उंबरठा आणि फळी यांच्यामध्ये बोटभर फट. फट राहिली आहे की नाही ते आ-पेकनी जमिनीवर झोपून, खालून दोरा ओढून बघितलं. मग हो म्हणाले. पूल उचलता येतो, रात्री आत ठेवतात. खुर्चीवाल्यांना आत-बाहेर एकच दार, एवढी सवलत त्यांनीच दिली.

आता धूर. मोठं धुपाटणं छपराखाली ठेवलंत तर आगीची घंटा वाजणार म्हणजे वाजणार. आमच्या रंगीत तालमीला वीस जणांनी तीन-तीन उदबत्त्या लावल्या आणि सगळी इमारत किंचाळायला लागली. धुपाटणं अंगणात काढा, आणि आतल्या यंत्रांची चाचणी कोऱ्या हवेत न घेता उदबत्त्या पेटवून घ्या. अंगणातलं धुपाटणं आकाशातल्या देवाचं. लोक आधी तिथे बाहेर तोंड करून नमस्कार करतात, मग वळून आत येतात. वळायला जागा सोडा, नाहीतर पेटती उदबत्ती मागच्याच्या शर्टाला लागते.

धुपाटण्यात पहिली राख कुठली, हे मला माहीतच नव्हतं. मी पिशवीभर वाळू मागवून ठेवली होती! राख येते ती मूळ देवळातून, तिथल्या धुपाटण्यातली, लाल कापडात बांधून. नवरात्रात पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन गावापर्यंत धावत येतात ना, तेच. राखेच्या स्वागताची वेळ कार्यक्रमात वेगळी धरा.

तारीख चिनी पंचांगातून निघते. सातव्या महिन्यात उद्घाटन धरू नका, तो भुतांचा महिना. आणि दार लोकांना उघडण्याआधी देवीचे डोळे उघडतात: आरशाने उजेड पाडतात आणि कुंचल्याने शेंदरी ठिपका देतात. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेतलं नेत्रोन्मीलन आठवा. त्या दिवसाशी ज्यांचं जन्मवर्ष जुळत नाही त्यांनी बघायचं नसतं, तशी घोषणा होते. चिनी पंचांगात प्रत्येक दिवसाला आणि वर्षाला बारा प्राण्यांपैकी एक असतो, आमचा दिवस उंदराचा निघाला. उंदराचा विरोधी घोडा, आणि माझा जन्म १९७८चा, घोड्याच्या वर्षातला. वर्षभर राबून त्या मिनिटाला मी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून वॉकी-टॉकी धरून उभी. म्हणून स्वयंसेवकांची यादी करताना जन्मवर्ष आधीच विचारून घ्या.

पाट्या लावाल तर थोड्या लावा, आणि इथे चार भाषा असतात हे विसरू नका. चपला काढायच्या नाहीत, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगा. पहिल्या रविवारी एका मराठी कुटुंबाने दाराशी चपला काढल्या. मागच्यांना वाटलं तशी रीत असेल. तासाभरात ड्रॅगनच्या दाराशी चपलांचा ढीग, आणि आ-पेक त्या ढिगाकडे बघत उभे. दुसरं म्हणजे हात. धुपाटण्यात उदबत्ती डाव्या हाताने खोचावी, उजवा हात हिंसा करणारा, असं जुनी माणसं मानतात. आपल्याला ते जड जातं. कुणी उजव्याने खोचली तर टोकू नका, पण स्वयंसेवकाने स्वतः डाव्याने खोचून दाखवावी. ज्योत फुंकून विझवत नाहीत, हे मात्र आपल्याला शिकवावं लागत नाही.

नैवेद्य क्वान इमला शाकाहारी. कुणी भाजलेली कोंबडी घेऊन आलं तर अडवायला बोलकी, हसरी बाई दाराशी ठेवा. संत्री चार ठेवत नाहीत, कारण चिनीत चारचा उच्चार मरणासारखा आहे. सवयीने मी चारांची थाळी लावली होती, एका मुलीने येऊन गुपचूप एक संत्रं उचललं आणि खाऊन टाकलं.

संध्याकाळी दार लावल्यावर उदबत्त्यांच्या काड्या चिमट्याने काढायच्या. राख चाळायची, टाकायची नाही. आमच्या धुपाटण्यातली राख वर आली म्हणून सफाईवाल्याने पहिल्याच आठवड्यात दोन डबे कचऱ्यात घातले. मूळ देवळात फोन गेला. तिकडून पुन्हा लाल कापडाची पुरचुंडी आली, ती आता आ-पेक स्वतःच्या कपाटात ठेवतात.