यादीतल्या तेवढ्याच फायली कॉपी करताना

सिद्धेश्वर यात्रेचे फोटो काढणाऱ्या सोलापूरच्या छायाचित्रकाराकडे तैलाभिषेकापासून होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामापर्यंत काही हजार फायली जमतात आणि त्यांतून हव्या असलेल्या दीडदोनशे फोटोंची नावे ग्राहक एक्सेलमध्ये लिहून पाठवतो. ती एकेक शोधून माउसने ओढत बसण्यापेक्षा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, हे काम एका आज्ञेत होते. खालील आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टंकाव्यात.

यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीवर एकच नाव अशी ठेवावी. नावामागे जेपीजी हे विस्तारनाम असलेच पाहिजे, आणि लिनक्स लहानमोठ्या अक्षरांत भेद करत असल्याने कॅमेऱ्याने ते मोठ्या अक्षरांत लिहिले असेल, तर यादीतही ते तसेच हवे.

पुष्कळ जण ही यादी सरळ एक्सआर्ग्ज या नावे पुढे पुरवणाऱ्या आज्ञेमार्फत सीपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेकडे सोपवतात आणि तिथेच फसतात. ‘अक्षता सोहळा १२.जेपीजी’ या नावातल्या मोकळ्या जागांमुळे एक्सआर्ग्जला तिथे तीन वेगवेगळ्या फायली दिसतात. माझ्या मते अशा कामाला आरसिंक ही फायली कॉपी करणारी दुसरी आज्ञाच बरी:

आरसिंक -एव्ही -एन --फाइल्स-फ्रॉम=यादी.टीएक्सटी यात्रा/ निवड/

यात ‘यात्रा’ हे मूळ फोल्डर आणि ‘निवड’ हे नवे. यादीतली नावे मूळ फोल्डरच्या आतून मोजली जातात, त्यामुळे फोटो उपफोल्डरमध्ये असेल तर त्या उपफोल्डरचेही नाव लिहावे लागते. ‘-एन’मुळे ही केवळ रंगीत तालीम होते, म्हणजे काय कॉपी होणार ते दिसते, पण एकही फाइल हलत नाही. न सापडलेली नावे इथेच कळतात. ती दुरुस्त करून ‘-एन’ काढावे आणि आज्ञा पुन्हा द्यावी. ‘-एव्ही’मधल्या ‘ए’मुळे फाइलची मूळ तारीख टिकते, आणि फोटो यात्रेच्या दिवसांनुसार लावायचे असतील तर ते फार उपयोगी पडते.

विंडोजवर केलेल्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जादा असते. आरसिंक ते चालवून घेते, एक्सआर्ग्ज घेत नाही. नाव डोळ्यांना अचूक दिसते आणि तरीही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. माझी एक अख्खी दुपार त्यातच गेली होती. फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या ‘कॅट’ या आज्ञेला मोठ्या अक्षरातला ‘-ए’ जोडून यादी पाहिल्यास ते चिन्ह टोपी (^) आणि एम अशा जोडीने उघड होते. देवनागरी नावे त्यात अगम्य दिसतात, पण आपण ओळीच्या शेवटाकडेच पाहावे. केवळ पहिलेच नाव सापडत नसेल तर एक्सेलने यादीच्या आरंभी घातलेली अदृश्य खूण त्याला कारण असते. डॉसटूयुनिक्स ही आज्ञा दोन्ही दोष काढते.

शेवटी ‘डब्ल्यूसी -एल’ने यादीच्या ओळी मोजून त्या नव्या फोल्डरमधल्या फायलींशी ताडून पाहाव्यात. यादीत एखादे नाव दोनदा आले असेल तर फायली कमी भरतील, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दिले नसेल तर ओळींचा आकडा एकाने कमी येईल.