एज ऑफ एम्पायर्स २: लाकूड, फूड, सोन्याचे अपग्रेड कोणत्या क्रमाने घ्यावेत

या कॉम्प्युटर गेममध्ये अपग्रेड (काम सुधारणारा शोध) घेण्याआधी एकच हिशोब करायचा: त्या कामावर किती व्हिलेजर (काम करणारे गावकरी) आहेत, आणि वाढीव टक्क्यांत किती व्हिलेजर फुकट मिळतात?

फ्यूडलमध्ये (डार्क एजनंतरच्या दुसऱ्या एजमध्ये, म्हणजे टप्प्यात) शिरताच पहिला मान डबल-बिट अ‍ॅक्सचा. १०० फूड, ५० लाकूड, २५ सेकंद. लाकूडतोड २० टक्के जलद. लाकडावर दहा जण असले की दोन जास्तीचे मिळाल्यासारखे. खरोखरचे दोन व्हिलेजर काढायचे तर १०० फूड लागतं, टाउन सेंटर (व्हिलेजर जिथे तयार होतात ती मुख्य इमारत) ५० सेकंद अडकतं आणि घरात जागाही लागते. अ‍ॅक्स निघते लंबर कॅम्पमध्ये (लाकूड जमा करायच्या इमारतीत), टाउन सेंटर मोकळंच राहतं. म्हणून फ्यूडल लागताना १५० फूड हाताशी ठेवा: १०० अ‍ॅक्सचं, ५० पुढच्या व्हिलेजरचं. नाहीतर अ‍ॅक्स घेतली आणि टाउन सेंटर रिकामं बसलं, असं होतं.

अ‍ॅक्स घेऊनही लाकूड कमीच पडतंय? मग कॅम्प आणि झाडं यांतलं अंतर बघा. अपग्रेडने कुऱ्हाड जोरात चालते, पाय नाही. झाडं चार-पाच टाइल (नकाशावरचे चौकोन) मागे सरली असतील तर १०० लाकडाचा नवा कॅम्प टाका.

हॉर्स कॉलर (७५ फूड, ७५ लाकूड) बद्दल गैरसमज फार. त्याने फूड लवकर येत नाही. शेत १७५ ऐवजी २५० फूड देतं, म्हणजे ६० लाकूड खर्चून पुन्हा शेत घालायची पाळी उशिरा येते. दोनच शेतं असताना घाई नको, ओळीने शेतं घालायची वेळ आली की घ्या.

व्हीलबॅरो मात्र फसवी. १७५ फूड, ५० लाकूड ही दिसणारी किंमत. ती टाउन सेंटरमध्ये ७५ सेकंद चालते आणि व्हिलेजरला २५ सेकंद लागतात, म्हणजे तीन व्हिलेजर मागे पडले. सतरा-अठरा व्हिलेजर असताना घेतली तर हा खड्डा भरतच नाही. तीसच्या आसपास व्हिलेजर झाले, त्यात बरीच शेतं असली, की कॅसल एजचं (फ्यूडलनंतरच्या एजचं) बटण दाबण्याच्या जरा आधी घ्या. चालण्याचा वेग १० टक्के आणि वाहून नेण्याची क्षमता २५ टक्के वाढते. येरझाऱ्या घालणाऱ्या शेतकऱ्यांना याचा फायदा चांगलाच जाणवतो.

गोल्ड मायनिंग १०० फूड, ७५ लाकडात सोनं खणण्याचा वेग १५ टक्के वाढवतं. सोन्यावर दोघेच असतील तर पैसे पाण्यात. आर्चर (धनुर्धारी सैनिक) काढण्यासाठी सात-आठ जण लावलेत तर जरूर घ्या. दगडाचा अपग्रेड मात्र, कॅसल (किल्ला) किंवा जास्तीची टाउन सेंटर बांधायची नसतील तर विसरलेला बरा.

आपण निवडलेली सिव्हिलायझेशनही (फ्रँक्स, व्हायकिंग्ज असे गेममधले समाज) बघा. फ्रँक्सना मिल असली की शेतीचे अपग्रेड फुकट, व्हायकिंग्जना व्हीलबॅरो फुकट. बर्गंडियन्स आर्थिक अपग्रेड एक एज आधी घेऊ शकतात, त्यामुळे त्यांची अ‍ॅक्स डार्क एजमध्येच येते. पण तिथे खर्चलेलं फूड फ्यूडलला जायला लागणाऱ्या ५०० फूडमधून जातं, त्यामुळे बटण उशिरा दाबलं जातं.