फोटोसमोर उभं राहून काय लिहायचं?

दुसऱ्या वर्षाला गेलं की आमच्या विभागात प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही पडते. समकालीन कलाछायाचित्रण पाहायचं आणि प्रत्येक कामावर ‘वैयक्तिक प्रतिसाद’ लिहायचा, एवढीच सूचना असते. मग सबमिशनच्या आदल्या रात्री वह्या भरल्या जातात आणि पानोपानी तेच ते उतरतं: ‘हे छायाचित्र मनाला भिडतं’, ‘विचार करायला लावतं’, ‘खूप काही सांगून जातं’. ही वाक्यं कुठल्याही फोटोखाली चिकटवता येतात. म्हणजे ती कुठल्याच फोटोबद्दल नसतात. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. ज्युनिअर्स वही घेऊन खोलीवर येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्रतिसाद पूर्णपणे तुमचा असावा आणि तरीही त्यातल्या प्रत्येक वाक्यासाठी फोटोतल्या एखाद्या जागेवर बोट ठेवता यावं.

सुरुवात आकारापासून करा. आपण बहुतेक फोटो मोबाइलवर पाहतो आणि तिथे सगळे एकाच मापाचे होतात. आंद्रेयास गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा ऱ्हाइन नदीचा १९९९ सालचा फोटो घ्या. हिरवा पट्टा, करडी नदी, परत हिरवा पट्टा, वर ढगाळ आकाश. मोबाइलवर तो दोन सेकंदांत ‘पाहून’ होतो. प्रत्यक्षात तो साडेतीन मीटरहून लांब आहे आणि उंचीला माणसाएवढा. मूळ प्रिंट पाहणं आपल्याला कुठून जमणार? पण माप सापडतं. मेजरिंग टेप आणि खडू घेऊन होस्टेलच्या गच्चीवर तेवढा आयत आखा आणि त्याच्यासमोर उभं राहा. एका नजरेत तो मावत नाही, मान फिरवावी लागते, हे अंगाला कळतं. तो फोटो २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेला, म्हणून बरेच जण फक्त किमतीवर पानभर लिहितात. किंमत हा फोटोतला भाग नाही, ती बाजूला ठेवा.

आता वही उघडा. डावं पान फोटोचं, उजवं पान तुमचं. डाव्या पानावर फक्त जे दिसतं ते लिहायचं, तेही शक्यतो नामांमध्ये. ‘उदास खोली’ लिहायचं नाही. खोली, खिडकी, बंद झडप, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग असं लिहायचं. लेबल, म्हणजे फोटोशेजारी लावलेली माहितीची चिठ्ठी, अजून वाचू नका. दहा मिनिटं हेच करा. पाच मिनिटांनी ‘संपलं’ असं वाटतं, खरी यादी त्यानंतर सुरू होते. कोपरे पाहा, कडा पाहा. फ्रेमच्या कडेला काय अर्धवट कापलं गेलंय? कॅमेरा कुठे होता, गुडघ्याच्या उंचीवर, डोळ्यांच्या, की छताजवळ? उजेड कुठून येतोय?

उजव्या पानावर तुमच्या मनात आलेलं लिहा. आठवण, राग, कंटाळा, काहीही. मग प्रत्येक वाक्यापासून डाव्या पानावरच्या एखाद्या शब्दाकडे बाण काढा. ज्या वाक्याला बाण काढता येत नाही ते खोडा, कितीही सुंदर असलं तरी.

माझ्याच वहीतलं एक पान उलगडून दाखवते. छायाचित्रकार दयानिता सिंग यांची ‘फाइल रूम’ ही कृष्णधवल मालिका. त्या अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकल्या, छायाचित्रणासाठीचा २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. ही मालिका २०१३ मध्ये पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या जर्मन दालनातही होती. यात जुन्या अभिलेखागारांचे, म्हणजे कागदपत्रं जपून ठेवायच्या खोल्यांचे, फोटो आहेत. माझं डावं पान असं होतं: लोखंडी रॅक, छतापर्यंत. कापडात बांधलेले गठ्ठे. गाठी. गाठीतून बाहेर आलेले कागदांचे कोपरे. दुमडलेले, फाटलेले. टेबल. अरुंद वाट.

माझे बाबा सोलापूर जिल्ह्यात तहसील कार्यालयात अभिलेख कक्ष सांभाळतात. त्यामुळे उजव्या पानावर पहिलं वाक्य आपोआप आलं: बाबांची आठवण झाली. इथेच थांबलं तर तो बाबांवरचा निबंध होतो, फोटोला प्रतिसाद होत नाही. म्हणून बाण शोधायचा. नेमकं कशावरून आठवले? कापडावरून. बाबांच्या कक्षात अ वर्गाचे कागद लाल कापडात बांधतात, ब वर्गाचे हिरव्या, क वर्गाचे पिवळ्या आणि ड वर्गाचे पांढऱ्या. अ म्हणजे कायम जपायचं, ड म्हणजे वर्षभरानं नष्ट करता येतं. लहानपणी मी दारातूनच ओळखायचे, कुठला गठ्ठा राहणार आणि कुठला जाणार. या फोटोंत ते ओळखता येत नाही. रंगच नाही. सगळं कापड करडं, कुठे जरा गडद, कुठे फिकट. फोटोतली कार्यालयं बाबांची नाहीत, तिथली रीत वेगळी असू शकते, हे मला माहीत आहे. तरी कायमचं काय आणि वर्षभराचं काय यातला फरक या कृष्णधवल प्रिंटनं माझ्यासाठी पुसून टाकला, हे खरं आहे आणि ते प्रिंटवर बोट ठेवून दाखवता येतं. त्यातून प्रश्नही निघाला: सगळेच गठ्ठे सारखेच मोलाचे दिसावेत असं छायाचित्रकर्तीला वाटत असेल का? उत्तर मी लिहिलं नाही, प्रश्न लिहिला. मग गाठींकडे परत गेले. बाबा ओढली की सुटेल अशी गाठ मारतात, कारण गठ्ठा उद्या पुन्हा काढायचा असतो. फोटोत मी प्रत्येक गाठ त्या नजरेनं पाहिली: ही सुटणारी आहे की आवळून बसलेली? एवढा वेळ मी त्या फोटोंपाशी दुसऱ्या कशासाठी थांबले नसते. तुमचं आयुष्य प्रतिसादात हवं ते याचसाठी, त्यानं फोटो अधिक दिसायला हवा.

याच्या उलट धोका गोष्ट रचण्याचा. सिंडी शर्मन या अमेरिकन कलावतीची १९७७ ते १९८० मधली ‘अनटायटल्ड फिल्म स्टिल्स’ ही मालिका अभ्यासाला असतेच. प्रत्येक फोटोत ती स्वतः, वेगवेगळ्या वेशात, आणि प्रत्येक फोटो एखाद्या जुन्या सिनेमातला वाटतो. ते सिनेमे मुळात नाहीतच. २१ क्रमांकाच्या फोटोत टोपी घातलेली एक तरुणी आहे, मागे उंच इमारती. आपल्या वर्गात यावर कथा लिहिल्या जातात: ती गावाकडून नोकरीसाठी आलीय, ती घाबरलीय, तिचा कुणीतरी पाठलाग करतंय. लिहा, पण लगेच विचारा, घाबरलीय हे कशावरून? ती फ्रेमच्या बाहेर पाहतेय आणि ती काय पाहतेय ते आपल्याला दिसत नाही. कॅमेरा खालून आहे, इमारती तिच्या डोक्यावर आल्यात. म्हणजे भीती मांडणीत आहे. तुम्ही सिनेमात अशी मांडणी इतक्यांदा पाहिलीय की गोष्ट आपोआप सुचते. हे लक्षात आलं की प्रतिसाद कथेपेक्षा जास्त रंजक होतो.

ओळखीचं चित्र असलं की आणखी जपावं लागतं. कलावती पुष्पमाला एन. आणि छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांनी २००० ते २००४ दरम्यान ‘नेटिव्ह वुमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. त्यात पुष्पमाला स्वतः राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या रूपात उभ्या आहेत. ही लक्ष्मी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेले देव आपल्या देवघरात आणि दुकानांत येऊन बसले. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यामागे तीच लक्ष्मी आहे, कडेला कुंकवाची बोटं उठलेली. त्यामुळे पुष्पमालांची लक्ष्मी पाहताना पहिला प्रतिसाद हात जोडण्याचाच होतो, आणि पाठोपाठ दिसतं की ही एक बाई आहे, मागचा देखावा रंगवलेला आहे, उभं राहणं अवघडलेलं आहे. माझी मैत्रीण या फोटोवर भडकली होती, देवीची थट्टा वाटली तिला. मला थट्टा वाटली नाही. मला वाटलं, आजीच्या भिंतीवरच्या लक्ष्मीसाठीही कुठली तरी खरी बाई अशीच तासन्‌तास अवघडून उभी राहिली असेल. दोघींचे प्रतिसाद वहीत राहिले आणि दोन्ही चांगले होते, कारण दोघींनी आपापलं म्हणणं त्या अवघडलेल्या हातांवरून आणि मागच्या पडद्यावरून सिद्ध केलं.

फोटो कुणी ‘काढला’ एवढंच विचारून भागत नाही, फोटोतलं कुणी घडवलं हेही विचारा. छायाचित्रकार गौरी गिल यांची ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपीअरन्स’ ही २०१५ पासूनची मालिका आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हारची आहे. तिथे बोहाडा या उत्सवात देवदानवांचे मुखवटे नाचवतात. गिल यांनी कोकणा आणि वारली कलाकारांना, त्यात सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ आघाडीवर, आजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले: माणसं, प्राणी, वस्तू. ते मुखवटे घालून गावातलीच माणसं गावातल्याच जागी रोजच्या प्रसंगात उभी राहिली. न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंस्थेत २०१८ साली ही मालिका दाखवली गेली. तिथल्या प्रेक्षकाला जे परकं वाटलं असेल ते आपल्यापैकी कुणाला घरचं वाटेल: भिंतीचा रंग, ओटा, साडी नेसायची पद्धत. ते ओळखीचं आधी डाव्या पानावर उतरवा. मुखवट्यावर सगळेच लिहितात. मुखवट्याखालचे हात-पाय काय करतायत ते पाहा. चेहरा झाकला की माणूस हातांतून आणि खांद्यांतून ओळखू येतो.

हे झाल्यावर लेबल वाचा, कलाकाराचं म्हणणं वाचा, इंटरनेटवर शोधा. पण वाचलेलं दुसऱ्या शाईनं लिहा. मी हिरवी वापरते. आधीचं काहीही बदलायचं नाही. गुर्स्कीच्या नदीवर निळ्या शाईत माझं वाक्य आहे: ‘इथे कुणी येत नसावं.’ खाली हिरव्यात आहे: इथे माणसं होती, पलीकडे इमारतही होती, गुर्स्कीनं ती संगणकावर काढून टाकली. निळं वाक्य खोडलं असतं तर या दोन ओळींमधलं अंतर हरवलं असतं, आणि पान उभं आहे ते त्या अंतरावरच. निसर्गाची शांतता वाटत होती ती कुणीतरी बसून घडवलेली होती, हे कळल्यावर शांतता कमी झाली का? माझ्यासाठी नाही झाली. उलट, नदी एवढी रिकामी करावी असं गुर्स्कीला का वाटलं असेल, याचं कुतूहल वाढलं.

एखादं काम आवडलं नाही तर तसं स्पष्ट लिहा. नावडण्याला बाण सापडला की ते पान मार्कांतही मागे पडत नाही. ‘समजलं नाही’ हेसुद्धा चालतं, पण कुठून पुढे समजलं नाही ते सांगा.

प्रत्यक्ष पाहायला जा, हे मी जीव तोडून सांगते. मुंबईत काळा घोडा आणि कुलाब्याच्या खासगी गॅलऱ्यांमध्ये तिकीट नसतं. बेल वाजवावी लागते, काचेपलीकडे कुणीतरी इंग्रजीत बोलत असतं, म्हणून आपली मुलं दारातून परत फिरतात. फिरू नका. आत जा, माहितीचा कागद मागा, हवा तेवढा वेळ थांबा; विकत घ्यायला आलात असं कुणी धरून चालत नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, सर कावसजी जहांगीर हॉलमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, डिसेंबरात पणजीचा सेरेंडिपिटी कला महोत्सव, इथे काय चाललंय ते आधी पाहून बेत आखा. बंगळुरूला २०२३ मध्ये उघडलेलं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी तर अभ्यास सहलीला सुचवाच. पेन्सिल न्या, बऱ्याच ठिकाणी पेन चालत नाही. प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर विचारून आणि सगळ्यात शेवटी काढा, कारण तो काढला की डोळे पाहणं थांबवतात.

फेअर करताना दोन्ही पानांतून एकच मजकूर करा, तीनशे-चारशे शब्दांचा. पहिल्या वाक्यात फोटोतली एखादी वस्तू असू द्या. कलाकाराचं चरित्र नको, व्याख्या नको. बाण आता काढायचे नसतात, पण वाचणाऱ्याला ते जाणवले पाहिजेत. वर डावीकडे नोंद करा: कलाकार, कामाचं नाव, वर्ष, माध्यम, माप, आणि तुम्ही ते कुठे पाहिलं. पडद्यावर पाहिलं असेल तर तसं लिहा. कच्ची पानंही सोबत जोडा, मॅडम ती आधी उघडतात.