चालताना कानात काय लावायचं?

मी जळगावला रोज पहाटे मेहरूण तलावाकडे चालायला जातो, उन्हाळ्यात तर साडेपाचलाच निघावं लागतं कारण आठ वाजले की ऊन चटके द्यायला लागतं. आधी गाणी ऐकायचो, त्याच त्याच गाण्यांचा कंटाळा आला म्हणून पॉडकास्ट सुरू केले, पण पहिले पंधरा दिवस निवडच चुकली. तिघंचौघं एकमेकांचं बोलणं तोडत गप्पा मारतायत असा एपिसोड लावायचो, दम लागला की कोण काय बोललं तेच कळेना, मागे घ्यायला फोन काढावा तर घामाच्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही, आणि तोवर चालायचा वेगही गेलेला.

म्हणून आधी आपला व्यायाम कसा आहे ते बघा. सोबतच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम म्हणजे मध्यम व्यायाम. तेवढ्यात डोकं मोकळं असतं, मुलाखत, इतिहास, शेतीची माहिती काहीही चालतं. पण धावताना किंवा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या चढावर निम्मं लक्ष श्वासातच असतं, तिथे एकच माणूस सरळ गोष्ट सांगतोय असं काहीतरी घ्या, एखादं वाक्य सुटलं तरी पुढचं कळलं पाहिजे. आकडे आणि नावं ठासून भरलेला एपिसोड चढावर अजिबात नको. जिममध्ये वजन उचलताना तर मी बंदच ठेवतो, मोजणी चुकते.

लांबीही बघा. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, तर साधारण तीस-पस्तीस मिनिटांचा एपिसोड बरोबर बसतो. दीड तासाचा असेल तर तो अर्ध्यावर तुटतो आणि दुसऱ्या दिवशी कुठे होतो ते आठवत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. भागाभागांची, पुढे काय झालं याची ओढ लागेल अशी मालिका निवडा आणि ती फक्त चालतानाच ऐका, घरी सोफ्यावर नाहीच. अमेरिकेत केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हा अभ्यास छापला, काही लोकांना उत्सुकता वाढवणाऱ्या ऑडिओ कादंबऱ्या दिल्या पण त्या जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली, तर ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेले. पुढे मोठी सुट्टी आली तसा परिणाम ओसरला, म्हणून आपल्याकडेही दिवाळीनंतर नवी मालिका लावून पुन्हा सुरुवात करायची.

आवाज मात्र आधीच तपासा, रात्री घरी पाच मिनिटं ऐकून बघा. बोलणारा फार संथ असेल तर १.२५ स्पीड लावा, त्याहून जास्त केलं की मला तरी धाप लागल्यासारखं होतं. मधे जाहिरात एकदम मोठ्याने वाजत असेल तर तो एपिसोड सोडाच. यूट्यूबवर फुकट ऐकत असाल तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद होतो, त्यामुळे जिथे डाउनलोड होतं अशा ॲपवर रात्री वायफायवर उतरवून ठेवा. आणि भाऊ, रस्त्याने चालत असाल तर एकाच कानात लावा, मागून ट्रॅक्टर येतो तेव्हा तो ऐकू आलाच पाहिजे.

माझी आई इअरफोन लावत नाही, कानात कोंबल्यासारखं वाटतं म्हणते. ती गच्चीवर फेऱ्या मारते आणि फोन कठड्यावर उभा करून कीर्तन लावते. पूर्ण कीर्तन लावलं की अर्ध्यात खुर्ची ओढून बसायची. आता मी तिला रोज हरिपाठाचा वीस मिनिटांचा ऑडिओ लावून देतो, तो संपेपर्यंत ती बसत नाही.