हाडांच्या गोळ्या आणि इंजेक्शनं: या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर बावीस वर्षं उभी आहे, आणि "या गोळीनं लई जळजळ होते, दुसरी कंपनी द्या" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते. मी कंपनीबद्दल काही बोलत नाही. एवढंच विचारते, काकू, कशाबरोबर घेतली? उत्तर ठरलेलं. चहाबरोबर.

दुसऱ्यांना काय बोलू, माझ्या सख्ख्या आत्यानं हेच केलं. तिला हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी चालू झाली होती आणि मी स्वतः बजावलं होतं, सकाळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी. बाईसाहेबांनी काय करावं, पहाटे साडेपाचला घोटभर चहाबरोबर गोळी गिळायची आणि दूधवाला येईपर्यंत परत पांघरुणात. तिसऱ्या आठवड्यात छातीत अशी आग उठली की भाकरीचा घास उतरेना, घरातल्यांना वाटलं हार्टचंच आहे, रात्री रिक्षा करून दवाखान्यात, ईसीजी काढला, तो नॉर्मल, मग दुर्बिणीनं तपासल्यावर कळलं की अन्ननलिकेत जखमा झाल्यात. दोन महिने अ‍ॅसिडची औषधं आणि मऊ भात. मी रागावले तर म्हणते कशी, "अगं तू रिकाम्या पोटी म्हणालीस, चहा म्हणजे काय खाणं झालं का?"

तर नीट ऐका. ही गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथली कातडी भाजते, म्हणून ती भरपूर पाण्यानं खाली ढकलायची आणि नंतर आडवं व्हायचं नाही. आणि शोषणाच्या बाबतीत ती इतकी नाठाळ आहे की सगळं नियमानं केलं तरी शंभरातला एक भागसुद्धा अंगात जात नाही, त्यात चहा, कॉफी, दूध, लिंबू-मध-पाणी यातलं काही मध्ये आलं की जे जायचं तेही जात नाही. म्हणजे जळजळ पदरात आणि हाडांना काहीच नाही. साधं पाणी, मोठा पेलाभर, साधारण २०० मिली. चघळायची नाही, कुटायची नाही, मोठी आहे म्हणून तोडायची नाही. पुढचा अर्धा तास उभं किंवा ताठ बसून राहायचं आणि पाण्याशिवाय तोंडात काही नाही. महिन्यातून एकदा घ्यायची आयबॅन्ड्रोनेट असेल तर तासभर. मी गिऱ्हाईकाला सांगते, गोळी घ्या आणि झाडांना पाणी घाला, दूध तापवा, फुलं काढा, अर्धा तास कधी गेला कळणार नाही. स्ट्रिपवर मार्करनं वार लिहून देते, कारण "कधी घेतली होती बरं" हा प्रश्न घरोघरी आहे. वार चुकला तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि पुढची परत ठरलेल्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाही.

एवढं सगळं पाळूनही गिळताना दुखलं किंवा जळजळ वाढत गेली तर पुढची गोळी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी अँटासिड मारून रेटणारे मला अजिबात आवडत नाहीत.

कॅल्शियम त्याच सकाळी त्याच गोळीबरोबर, ही तर रोजची गंमत. ते दुपारच्या जेवणानंतर. थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तास. कॅल्शियमनं पोट जड होत असेल तर पाणी आणि भाज्या वाढवा, तरी नाही जमलं तर दुसऱ्या प्रकारचं कॅल्शियम मिळतं, डॉक्टरांना विचारा.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. रोजची नाही!! लवकर बरं व्हायचं म्हणून एकानं रोज दुधातून घेतली, मग उलट्या आणि मुतखड्याची भीती घेऊन माझ्याच दारात.

हाडांसाठीच वर्षातून एकदा देतात त्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या सलाईननंतर ताप, अंगदुखी, कणकण आली तर घाबरू नका, पहिल्या वेळी बऱ्याच जणांना येते, दोन-तीन दिवसांत उतरते आणि पुढच्या वर्षी बहुधा कमी असते. आधी-नंतर पाणी भरपूर, पॅरासिटामॉल चालते. किडनीचा रिपोर्ट आधी दाखवलेला हवा. आणि कृपा करून दुसऱ्या दिवशी घरात लग्नकार्य ठेवू नका, एकांनी ठेवलं होतं, हळदीला त्या चादर घेऊन बसल्या होत्या.

आता माझा सगळ्यात मोठा राग. डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी घ्यायचं पोटाचं किंवा दंडाचं इंजेक्शन. गोळीसारखा पित्ताचा त्रास नाही म्हणून लोक खूश असतात आणि मग निवांत होतात. आमच्या ओळखीच्या एक काकू, वय ६८, दोन वर्षं नियमानं घेत होत्या. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या तेव्हा मागच्या इंजेक्शनला चार महिने झाले होते, तिथे सहा महिने राहिल्या. मी जाताना म्हणलं होतं, तारीख मध्येच येते, डॉक्टरांना विचारा. "अगं आता पाठ दुखत नाही, रिपोर्टही सुधारलाय, आणि कॅल्शियम चालूच आहे ना." परत आल्यावर आठवड्याभरात गादी उचलताना कंबरेत कळ आली. एक्स-रेत दोन मणके दबलेले.

हे का होतं? अ‍ॅलेंड्रोनेट हाडात बसून राहते, बंद केली तरी तिचा अंमल रेंगाळतो. डेनोसुमॅब तसं नाही. ते हाड खाणाऱ्या पेशींना रोखून धरतं आणि अंमल संपला की त्या सगळ्या एकदम कामाला लागतात, बांध फुटल्यासारख्या. म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही, आणि थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध डॉक्टर सुरू करतात. प्रवास असेल तर आधी बोला. मी आता इंजेक्शन देताना गिऱ्हाईकाच्या मुलाच्या मोबाईलमध्ये पुढची तारीख माझ्यासमोर टाकायला लावते, घरी जाऊन टाकतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. हे इंजेक्शन चालू असताना ओठाभोवती मुंग्या आल्या किंवा हातापायात गोळे आले तर कॅल्शियम उतरलं असेल, तपासून घ्या.

जबड्याच्या हाडाचा त्रास होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून गोळी बंद करणारे वेगळेच. तो त्रास खरा आहे पण हाडं ठिसूळ झाली म्हणून औषध घेणाऱ्यांत फार क्वचित होतो. दात काढायचे असतील तर औषध सुरू व्हायच्या आधी काढून घ्या, नंतर प्रत्येक डेंटिस्टला आधी सांगा. उलट ज्याकडे बघायला हवं त्याकडे कुणी बघत नाही: पाच-सात वर्षं गोळी चालू आहे आणि मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालंय. बाम चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायचा का ते विचारा.

आत्याला आता वर्षातून एकदाची सलाईन असते. त्या सकाळी ती चहा दोनदा पिते.