टोपीखालचं नाक

अण्णांच्या नाकाच्या कडेला, मिशीच्या जरा वर, मुगाएवढी पुळी होती. दाढी करताना वस्तरा लागला की रक्त यायचं, खपली धरायची, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. अण्णा दाढी करणाऱ्यावरच डाफरायचे. शेवटी तोच बिचारा म्हणाला, "अण्णा, वस्तऱ्याचा दोष नाही, ही जागाच बरी दिसंना. वरीस झालं बघतोय मी." तोवर घरात हळद झाली होती, चुना झाला होता, एका पाहुण्यानं तर बिब्बा लावा म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यात तुकडा काढून तपासला तेव्हा बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे कातडीचा कॅन्सर. हा सहसा अंगात पसरत नाही, पण जागेवरच पोखरत जातो. नाकाची कड कापावी लागली. अण्णा आजही शेतात जातात.

आमची शेती परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, कापूस आणि तूर. अण्णांनी जन्मभर गांधी टोपी घातली, उघड्या डोक्यानं कधी उन्हात गेले नाहीत. पण त्या टोपीला कड कुठंय? नाक, कान, खालचा ओठ, मान, सगळं उघडंच. आपण ऊन लागू नये म्हणून डोकं झाकतो, ते बरोबरच आहे. पण ऊन लागतं ते उष्णतेनं, आणि कातडी बिघडते ती अतिनील किरणांनी. ते दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही बसत नाही. आभाळ आलेलं असलं, गार वारं सुटलेलं असलं तरी ते येतातच. आपल्या सावळ्या रंगाचा थोडा आधार असतो, म्हणून हा आजार गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात बराच कमी. कमी आहे, पण नाही असं नाही.

मग जपायचं कधी? मी सावली बघतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की किरणं जोरात आहेत असं समजायचं. पाच फुटाची काठी उभी करून बघा. मेच्या मध्यात आमच्याकडं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सव्वाबाराच्या सुमाराला काठीची सावली जवळपास नाहीशीच होते. पण मला खरं नवल वाटलं ते डिसेंबरचं. थंडीत, ऐन कापूस वेचणीत, दुपारी काठीची सावली साडेचार फुटांच्या आसपास भरली. म्हणजे स्वेटर घालायच्या दिवसांतसुद्धा दुपारचं ऊन जपण्यासारखंच असतं, आणि तेव्हाच आपण "कोवळं ऊन" म्हणत तोंड वर करून बसतो. सकाळच्या उन्हाला बसा, दुपारच्या नको. उन्हाळ्यात आम्ही सहाला शेतात जातो, साडेदहाला लिंबाखाली. उरलेलं काम चारनंतर.

कपड्याच्या बाबतीत आमच्या बाया गड्यांपेक्षा हुशार. वेचणीला जाताना साडीवर घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल गच्च बांधतात. फक्त शर्ट फार जुना नको. कापड उजेडाकडं धरा, आरपार दिसलं तर किरणंही आरपार जातात. विरलेलं धोतर, मलमलचा पंचा यांचा भरवसा धरू नका. घामानं भिजलेलं सुती कापडही कमीच अडवतं, म्हणून बदलायला एक कोरडा शर्ट बांधावर ठेवा. टोपी सोडा असं मी अण्णांना कधीच म्हणलो नाही, ते ऐकणारच नाहीत. टोपीवरून मोठा टॉवेल घ्यायचा, कान-मान झाकायची आणि पुढची कड कपाळाच्या बाहेर काढायची, एवढं ते मानतात. पोरं रुंद काठाची हॅट घालतात. सुरुवातीला गाव हसलं. स्कूटीवर सनकोट आणि स्कार्फ घालून जाणाऱ्या पोरींनाही असंच हसायचे.

जे झाकत नाही, त्याला सनस्क्रीन. ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा जास्त आणि पीए+++ लिहिलेलं बघून घ्या, क्रीम किरणं किती अडवते त्याची ही मापं. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर काढलेली क्रीम एका चेहऱ्याला अन् मानेला लागते. आपण घेतो त्याच्या पाव. कान विसरू नका. घाम येतो, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं खराब होते. गोरं करणारी क्रीम म्हणजे सनस्क्रीन नव्हे. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ पडते.

ज्यांची कातडी आणि केस जन्मतः पांढरे आहेत (अल्बिनिझम), त्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं. बीपीच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, त्यानंही ऊन जास्त बाधतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि हो, गाजरगवतानं तोंड-मान लाल होऊन खाज सुटते, उन्हात ती वाढते. तो कॅन्सर नव्हे, पण त्यालाही डॉक्टरच लागतो.

महिन्यातून एकदा अंग बघायचं. चार आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा रक्त येणारी जागा, मोत्यासारखी चकाकणारी गाठ, खरखरीत चट्टा, आकार किंवा रंग बदलणारा तीळ. जुन्या भाजलेल्या वणावर नव्यानं चिघळलं तर लगेच दाखवा. तळपाय, तळहात आणि नखाखालची काळी रेघही बघा. तिथला कॅन्सर उन्हानं होत नाही, पण सावळ्या लोकांत मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर, बऱ्याचदा तिथंच सापडतो. बिब्बा, चुना काही लावू नका, जागा भाजते आणि डॉक्टरला मूळ काय होतं ते कळत नाही. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. कातडीची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा.

कानामागचं आणि मानेचं आपल्याला आरशातही दिसत नाही. ते घरच्याला बघायला सांगा, नाहीतर कटिंगला बसल्यावर तिथंच विचारा. अण्णा आता खुर्चीत बसले की आधी मान पुढं करतात आणि म्हणतात, "बघ रं, काही नवीन आलंय का?"